हाड बांधणारं औषध हवं, पण केव्हा? डेनोसुमॅबचा डोस चुकलेल्या एका रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या नंदनवन भागात राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेचं हे प्रकरण आहे. माझ्याकडे आल्या तेव्हा वय 68. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. औषधं, त्यांचा क्रम आणि त्यामागची कारणं मात्र होती तशीच ठेवली आहेत. खाली त्यांना काकू म्हणते.

सुरुवात मनगटापासून झाली. अंगणात पाय घसरला, हातावर पडल्या, मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घेतली. कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे 3.2 आला. उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, ही जागतिक आरोग्य संघटनेची 1994 पासूनची व्याख्या. पाठीच्या एक्स-रेत छातीचा बारावा मणका आधीच दबलेला होता. तो केव्हा दबला हे काकूंना सांगता येईना. मणक्याची बरीच फ्रॅक्चर्स अशीच होतात, घरात कुणाला कळतही नाही.

ॲसिडिटीचा जुना त्रास असल्यामुळे ॲलेंड्रोनेट या हाडांच्या औषधाची आठवड्याची गोळी नको, असं ठरलं. ती उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि नंतर अर्धा तास आडवं होता येत नाही. मग हाडाची झीज थांबवणारं डेनोसुमॅब सुरू झालं. 60 मिलीग्रामचं इंजेक्शन, दर सहा महिन्यांनी एक, त्वचेखाली. काकूंना ते सोयीचं वाटलं आणि पाच डोस अगदी वेळेवर झाले. शेवटचा ऑगस्टमध्ये.

फेब्रुवारीचा डोस यायच्या आधी दाढ दुखायला लागली. दाढ काढावी लागणार होती. दंतवैद्यांनी औषधांची यादी पाहिली आणि जबड्याचं हाड कुजण्याची भीती सांगून इंजेक्शन थांबवायला सांगितलं. दाढ निघाली, जखम छान भरली. पण इंजेक्शन पुन्हा केव्हा घ्यायचं हे कुणी सांगितलं नाही, काकूंनी विचारलं नाही, आणि पाठ दुखत नव्हती म्हणून घरात विषयही निघाला नाही.

अडचण

मे महिना, पारा 45 च्या आसपास. काकूंनी कूलरमध्ये पाणी टाकायला अर्धी बादली उचलली आणि पाठीत कळ गेली. "काही जड नाही उचललं जी, रोजच तर टाकून राह्यली होती पाणी," असं त्या नंतर मला म्हणाल्या. जवळच्या दवाखान्यात "मणक्यात गॅप" असल्याचं निदान झालं. पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. घरी मालीश सुरू झाली. दोन आठवड्यांनी खोकताना दुसरी कळ आली, आणि मग कूस बदलणंही जमेना.

मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. तो आणि सून त्यांना जूनच्या मध्यावर माझ्याकडे घेऊन आले. सुनेने आणलेल्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये इंजेक्शनच्या खोक्यांवरची स्टिकर्स एका कागदावर ओळीने चिकटवलेली होती, प्रत्येकाशेजारी निळ्या पेनाने तारीख. पाच स्टिकर्स, शेवटची तारीख ऑगस्टची, आणि खाली अर्धा कागद कोरा. निदान जवळजवळ त्या कागदावरच झालं.

एमआरआयमध्ये जुन्या बाराव्या मणक्याखेरीज तीन ताजी फ्रॅक्चर्स दिसली: छातीचा अकरावा, कंबरेचा पहिला आणि तिसरा. उंची चार सेंटिमीटरने कमी झाली होती.

एकाच वेळी तीन मणके दबले की दुसरं काही नाही ना, हे आधी पाहावं लागतं. मल्टिपल मायलोमासाठी (हाडांच्या मगजातला एक कॅन्सर) रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी केली, ती नॉर्मल. क्षयरोगाच्या किंवा गाठीच्या खुणा एमआरआयमध्ये नव्हत्या. थायरॉइड आणि किडनी ठीक. ड जीवनसत्त्व मात्र 13 नॅनोग्राम प्रति मिलिलीटर, म्हणजे कमी, आणि त्यामुळे पॅराथॉर्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) थोडं वाढलेलं. नागपुरात इतकं ऊन असताना ड जीवनसत्त्व कमी कसं, असं घरोघरी विचारतात. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर आपण दारं-खिडक्या लावून घरात बसतो आणि बाहेर पडलोच तर तोंडाला ओढणी गुंडाळून. अंगावर ऊन पडतंच कुठे?

सगळ्यांत बोलके निघाले ते हाडांच्या उलाढालीचे, म्हणजे मोडण्या-बांधण्याच्या वेगाचे, रक्तातले दोन मार्कर. सीटीएक्स हा हाड मोडताना रक्तात येणारा तुकडा, तर पी1एनपी हा हाड बांधताना सुटणारा. सीटीएक्सचं रक्त सकाळी उपाशीपोटी द्यावं लागतं, नाहीतर आकडा खाली येतो. काकूंचं पहिलं रक्त पोहे खाऊन दिलेलं होतं, म्हणून ते पुन्हा घेतलं. दोन्ही मार्कर नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दुपटीजवळ होते.

मुलाने इंटरनेटवर बरंच वाचलेलं होतं. त्याने विचारलं, "पी1एनपी वाढलंय म्हणजे हाड बनून राह्यलं ना? मग फ्रॅक्चर कशी झाली?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "टेरिपॅराटाइड हाड बांधतं म्हणतात, तेच का नाही देत आईला?" दोन्ही प्रश्न मुद्द्याचे होते. या प्रकरणातला सगळ्यांत मोठा निर्णय त्यांच्या उत्तरावरच उभा आहे.

बांधणाऱ्या पेशींचं दुहेरी काम

हाडाची डागडुजी आयुष्यभर चालू असते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवून खड्डा करतात. मग तिथे ऑस्टिओब्लास्ट येतात, कोलॅजनचा थर घालतात आणि तो कॅल्शियम-फॉस्फेटने घट्ट होतो. मोडण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरण्याला तीन-चार महिने लागतात. त्यामुळे उलाढालीचा वेग अचानक वाढला की मोडणं पुढे पळतं आणि बांधणं मागे राहतं. काकूंचं पी1एनपी वाढलेलं होतं, कारण असंख्य खड्डे भरायला ऑस्टिओब्लास्ट कामाला लागले होते. पण खड्डे त्याहून वेगाने पडत होते आणि मणके तेवढ्यात दबत होते.

आता खरी गोम. ऑस्टिओब्लास्ट आणि त्यांच्याच कुळातल्या, हाडात गाडून घेतलेल्या ऑस्टिओसाइट या पेशी फक्त बांधत नाहीत. मोडणाऱ्या पेशींना बोलावणारा निरोपही त्याच पाठवतात. त्या निरोपाचं नाव रँक-लिगँड. हाच ऑस्टिओब्लास्ट ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचं दुसरं प्रथिन सोडून तो निरोप अडवतोही. बांधकामाचा आणि पाडकामाचा मुकादम एकच असावा, तशी ही व्यवस्था आहे. म्हणून एखादं औषध "बांधणारं" की "मोडणं थांबवणारं" अशी सरळ वाटणी पेशींच्या पातळीवर टिकत नाही.

डेनोसुमॅब ही रँक-लिगँडला पकडून ठेवणारी अँटिबॉडी आहे. निरोप पोचत नाही, ऑस्टिओक्लास्ट तयार होत नाहीत, खड्डे पडत नाहीत. खड्डेच नाहीत म्हटल्यावर ऑस्टिओब्लास्टचं काम आपोआप कमी होतं आणि पी1एनपीही खाली येतं. औषधाने बांधणाऱ्या पेशी मारल्या, असा त्याचा अर्थ घ्यायचा नाही. त्यांना बोलावणं येईनासं होतं, इतकंच. डेनोसुमॅबच्या, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फ्रीडम' नावाच्या चाचणीत तीन वर्षांत मणक्यांची नवी फ्रॅक्चर्स 68 टक्क्यांनी कमी झाली होती. औषध उत्तम आहे. पण ते शरीरातून निघून गेलं की मागे काहीच उरत नाही. 2021 च्या एका संशोधनात उंदरांमध्ये दिसलं, की ऑस्टिओक्लास्ट अशा वेळी मरण्याऐवजी लहान पेशींमध्ये फुटून दबा धरू शकतात आणि अडसर निघताच पुन्हा एकत्र येतात. सहा-सात महिन्यांनी डोस मिळाला नाही की उलाढाल मूळ पातळीच्याही वर उसळते, आणि कमावलेलं हाड वर्ष-दोन वर्षांत बरंचसं जातं.

ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड या बिस्फॉस्फोनेट गटातल्या औषधांचं तसं नाही. ती हाडाच्या खनिजाला चिकटून राहतात. ऑस्टिओक्लास्ट हाड विरघळवायला लागला की औषध त्याच्या पोटात जातं, आतला एक महत्त्वाचा एन्झाइम बंद पाडतं आणि ती पेशी निकामी होते. ऑस्टिओब्लास्टचं काम इथेही मागून कमी होतं. पण औषध हाडात वर्षानुवर्षं राहत असल्यामुळे थांबवल्यावर अशी उसळी येत नाही.

टेरिपॅराटाइड म्हणजे पॅराथॉर्मोनच्या 84 पैकी पहिल्या 34 अमिनो आम्लांचा तुकडा, रोज 20 मायक्रोग्राम. पॅराथॉर्मोन रक्तात सतत जास्त राहिलं तर हाड झिजतं. दिवसातून एकदा थोडा वेळच वाढलं तर ऑस्टिओब्लास्ट जास्त जगतात, हाडाच्या पृष्ठभागावर निजलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात आणि ऑस्टिओसाइट स्क्लेरोस्टिन नावाचा ब्रेक सैल करतात. सुरुवातीचे काही महिने बांधणं मोडण्याच्या पुढे धावतं. पण हाच पॅराथॉर्मोनचा इशारा ऑस्टिओब्लास्टकडून जास्त रँक-लिगँडही सोडायला लावतो. आधी हाडाचं औषध न घेतलेल्या रुग्णात ते परवडतं, कारण मोडणं उशिरा आणि कमी वाढतं. काकूंच्या हाडांत मोडणाऱ्या पेशी आधीच उसळलेल्या होत्या.

पर्याय

मुलाने सुचवलेलं एकटं टेरिपॅराटाइड मी सर्वांत आधी बाजूला ठेवलं. 2015 च्या 'डेटा-स्विच' नावाच्या अभ्यासात काही स्त्रियांना आधी टेरिपॅराटाइड आणि मग डेनोसुमॅब दिलं, काहींना उलट क्रमाने. पहिल्या गटाची घनता वाढत राहिली. डेनोसुमॅबवरून टेरिपॅराटाइडवर गेलेल्या स्त्रियांची खुब्याची घनता पहिल्या वर्षात उतरली. औषधं तीच दोन, क्रम उलटा. इतकी फ्रॅक्चर्स झालेल्या बाईच्या खुब्यावर मला ती जोखीम नको होती.

झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एकदा सलाइन देणं स्वस्त आणि सोपं होतं. मात्र उलाढाल इतकी उसळलेली असताना एक डोस पुरेलच असं नाही, आणि बांधणीला त्यातून काही जोर मिळत नाही. ते मी पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवलं.

रोमोसोझुमॅब स्क्लेरोस्टिनलाच अडवतं, म्हणजे बांधणाऱ्या पेशींचा ब्रेक काढतं. पण त्यावर हृदयविकार आणि पक्षाघाताचा इशारा आहे, आणि काकूंना स्टेंट बसवलेला आहे. तो विषय तिथेच संपला.

मणक्यात सिमेंट भरण्याबद्दल एका नातेवाइकाने आग्रह धरला होता. डेनोसुमॅब सुटल्यानंतरच्या फ्रॅक्चर्समध्ये सिमेंट भरल्यावर आजूबाजूचे मणके दबल्याच्या नोंदी आहेत. उसळी चालू असताना मी ते करू दिलं नाही.

राहिले दोन: नुसतं डेनोसुमॅब पुन्हा सुरू करणं, किंवा डेनोसुमॅबबरोबर टेरिपॅराटाइड. दुसऱ्यामागचं तर्कशास्त्र मला पटत होतं. टेरिपॅराटाइड ऑस्टिओब्लास्टला बांधायला लावेल, आणि त्याच पेशीने सोडलेला मोडण्याचा निरोप डेनोसुमॅब वाटेतच अडवेल. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डेटा' नावाच्या अभ्यासात एका वर्षात दोन्ही मिळून कंबरेच्या मणक्यांची घनता सुमारे 9 टक्के वाढली, एकेकट्या औषधाने सुमारे 6 टक्के किंवा त्याहून कमी. त्या स्त्रियांमध्ये अशी उसळी नव्हती, हे मी घरच्यांना स्पष्ट सांगितलं. ॲलेंड्रोनेट आणि पॅराथॉर्मोन एकत्र दिल्यावर मात्र बांधणीचा परिणाम उलट मंदावतो, हे 2003 मध्येच दिसलं होतं. म्हणजे "एक बांधणारं, एक राखणारं" अशी कुठलीही जोडी जमवून चालत नाही.

खर्चाची बाजू मी लपवली नाही. टेरिपॅराटाइडचं भारतीय पेनसुद्धा महिन्याला काही हजारांचं पडतं, आणि तेही दीड वर्ष. घरच्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि होकार दिला.

काय केलं

मुलाला डेनोसुमॅब त्याच दिवशी हवं होतं. मी थांबायला सांगितलं. ड जीवनसत्त्व 13 असताना आणि हाड वेगाने कॅल्शियम ओढायला टपलेलं असताना ते इंजेक्शन दिलं, तर रक्तातलं कॅल्शियम धोक्याइतकं खाली येऊ शकतं. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पाकिटं पहिल्या आठवड्यात जवळजवळ रोज दिली, कॅल्शियमच्या गोळ्या जेवणाबरोबर सुरू केल्या. आठवड्याने कॅल्शियम तपासून डेनोसुमॅब दिलं आणि दहा दिवसांनी पुन्हा तपासलं, कारण ते साधारण त्याच सुमाराला सर्वांत खाली जातं. पॅराथॉर्मोन उतरल्यावर टेरिपॅराटाइड सुरू केलं.

पेन सुनेने हाती घेतलं. ते 2 ते 8 अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही आणि उघडल्यापासून 28 दिवसांनी टाकून द्यायचं. सीताबर्डीच्या दुकानातून ते उन्हात स्कूटीवर आणायचं म्हणजे बर्फाच्या जेल-पाकिटाशिवाय शक्य नव्हतं. पेन फ्रिजच्या दारात, फ्रीजरपासून लांब, आणि शेजारी तारखांचा कागद. रोज रात्री जेवणानंतर टोचायचं ठरलं, म्हणजे चक्कर आलीच तर काकू पलंगावर असतील.

मालीश बंद. उठताना आधी कुशीवर वळायचं, वाकून काही उचलायचं नाही. कूलरला पाइप जोडून घेतला. वेदना थोडी कमी होताच फिजिओथेरपिस्टने पाठ ताठ ठेवणाऱ्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले.

परिणाम

दोन-अडीच महिन्यांत काकू घरात स्वतःच्या पायांवर फिरायला लागल्या. सीटीएक्स झपाट्याने उतरलं. पण पी1एनपीही उतरलं, आणि मुलगा रिपोर्ट घेऊन धावत आला: हाड बांधायचं औषध देऊनही बांधणीचा मार्कर खाली कसा? इथे टेरिपॅराटाइड थांबवण्याची चूक सहज होऊ शकते. एकट्या टेरिपॅराटाइडमध्ये पी1एनपी चढायला हवं, आणि सोबत डेनोसुमॅब असलं की तसं होत नाही. डेटा अभ्यासातही दोन्ही औषधं घेणाऱ्या स्त्रियांमध्ये ते उतरलं होतं, पण नुसतं डेनोसुमॅब घेणाऱ्यांपेक्षा कमी, आणि तरी घनता सर्वांत जास्त त्यांचीच वाढली होती. खड्डे भरण्याचं काम थांबलं म्हणून आकडा खाली आला होता. जुना खड्डा नसतानाही हाडाच्या पृष्ठभागावर नवा थर चढू शकतो, आणि तोच आम्हाला हवा होता. औषध चालू ठेवलं.

वर्षाने डेक्सा केली. दबलेला मणका खोटी जास्त घनता दाखवतो, म्हणून कंबरेचा पहिला आणि तिसरा मणका वगळून फक्त दुसरा आणि चौथा मोजला. दोन्हीत आणि खुब्यातही घनता वाढली होती. नवीन फ्रॅक्चर नव्हतं. गेलेली उंची परत आली नाही, येतही नाही. पाठीला आलेला बाकही राहिला. काकूंना फळ्यावर लिहायची सवय, आता हात वर नेला की पाठ भरून येते, याचं त्यांना फार वाईट वाटतं.

दीड वर्षाने टेरिपॅराटाइड थांबवलं. त्या महिन्यात डेनोसुमॅबचा, पुन्हा सुरू केल्यापासूनचा चौथा डोस दिला आणि बरोबर सहा महिन्यांनी, एकही आठवडा वाया न घालवता, 5 मिलीग्राम झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाइन. तिसऱ्या महिन्याचं सीटीएक्स काबूत आहे. सहाव्या महिन्यात पुन्हा तपासायचं आहे, वर सरकलं तर दुसरा डोस लागेल.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला प्रश्न अगदी सुरुवातीचा. मनगट मोडलेलं, एक मणका दबलेला, टी-स्कोअर उणे 3.2: अशा रुग्णात मी आधी टेरिपॅराटाइड दीड-दोन वर्षं आणि मग डेनोसुमॅब किंवा झोलेड्रोनिक ॲसिड, असा क्रम सुचवते. बांधणाऱ्या पेशींना मोकळं मैदान असतानाच त्यांच्याकडून काम करून घ्यायचं आणि मग ते राखायचं. पण त्या वर्षी काकूंचे यजमान अंथरुणाला खिळलेले होते, रोज इंजेक्शन टोचायला घरात कुणी नव्हतं. सहा महिन्यांतून एकदाचं औषध निवडणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. दोष असलाच तर डेनोसुमॅब सुरू करताना ते कसं संपवायचं याची नोंद कुठेच झाली नाही, हा आहे.

दुसरा, मे महिन्यातले ते तीन आठवडे. साठी ओलांडलेल्या, आधी फ्रॅक्चर झालेल्या बाईची पाठ अचानक दुखली तर पहिल्याच दिवशी एक्स-रे हवा, आणि हाडाचं कुठलं इंजेक्शन चालू होतं का, शेवटचं केव्हा घेतलं, हा प्रश्न हवा. तीनपैकी निदान एक मणका वाचला असता असं मला वाटतं.

तिसरा आणि सर्वांत टाळता येण्याजोगा प्रश्न दाढेचा. जबड्याचं हाड कुजण्याची भीती मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांवरून आली आहे. त्यांना दर महिन्याला 120 मिलीग्राम डेनोसुमॅब मिळतं. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसमध्ये, फ्रीडमच्या लांबवलेल्या अभ्यासात, हे प्रमाण 10,000 रुग्ण-वर्षांमागे सुमारे 5 होतं. दंतवैद्यांनी सावध राहणं योग्यच होतं. फक्त थांबवण्याबरोबर पुन्हा सुरू करण्याची तारीख यायला हवी होती. मी आता डेनोसुमॅबच्या प्रत्येक रुग्णाच्या फाइलमध्ये दंतवैद्यांसाठी एक चिठ्ठी ठेवते: शेवटचा डोस या तारखेला झाला, दात काढायचा असल्यास शक्यतो डोसनंतर तीन-चार महिन्यांनी काढावा, जखम भरली की पुढचा डोस ठरलेल्या तारखेला, सातवा महिना कोणत्याही परिस्थितीत ओलांडायचा नाही, जखम भरायला वेळ लागत असेल तर डोस पुढे ढकलण्याआधी मला फोन करावा.